सुगरणकाकू घरटं शिकवतात

एका जंगलात एक शाळा होती. कुठलं जंगल ते विचारू नका. विचारलंत तर मी सांगेन, मग तिथले लोक माझ्याशी भांडायला येतील. मला भांडायला आवडतं, पण गोष्ट राहून जाईल.

तर शाळा. ती तळ्याच्या काठी एका बाभळीखाली भरायची. तिला भिंती नव्हत्या आणि खिडक्याही नव्हत्या. त्यामुळे 'पोरं खिडकीबाहेर बघत बसतात' ही तक्रार तिथे कोणाला करता यायची नाही.

मी स्वतः एक दिवससुद्धा शाळेत गेलेली नाही. म्हणून शाळा कशी चालवावी याबद्दल माझी मतं अगदी पक्की आहेत. ती आज मी सांगणार नाही. मध्येच सांगितली तर ऐकून घ्या.

शाळेच्या बाई होत्या टिटवी. उंच पाय, ताठ मान, आणि आवाज असा की त्यांनी हजेरी घेतली की पलीकडच्या जंगलातली पोरंही 'हजर' म्हणायची.

पूर्वी या शाळेत पाढे व्हायचे. मग टिटवीबाई एकदा मोठ्या जंगलात प्रशिक्षणाला जाऊन आल्या. तिथे त्यांना कळलं की पाठांतराने मूल शिकत नाही. मूल हाताने करून शिकतं. ज्यांना हात नाहीत त्यांनी चोचीने, पंज्याने, जे असेल त्याने. आणि रोज नुसती शाळा भरवायची नाही. रोज कसला तरी 'दिवस' असायला हवा.

मग काय, सुरूच झालं.

पहिल्यांदा पिवळा दिवस झाला. सगळ्यांनी पिवळं होऊन यायचं होतं. हळद्याच्या पोराला काहीच करावं लागलं नाही, तो आधीच पिवळा. कावळ्याच्या आईने मात्र आपल्या पोराला बाभळीच्या फुलांत इतकं लोळवलं, की संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिनेच ओळखला नाही. 'हे कोणाचं कार्टं' म्हणून दारातून हाकलला.

मग शेपूट दिवस झाला. आपलं शेपूट नीट बघायचं, मोजायचं, त्याचं चित्र काढायचं. बेडकाचं पोर रडत घरी गेलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली.

"बाई, याला शेपूट होतं," ती म्हणाली. "गेल्याच महिन्यात गळलं. तेव्हा का नाही ठेवलात तुमचा दिवस?"

 बाई शिकलेल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मी वर कळवते."

वर म्हणजे कुठे, ते बेडकीला कळलं नाही. तिने आपली आभाळाकडे बघून मान डोलावली.

आणि मग आला घरटं दिवस. माझी गोष्ट त्या दिवसाची आहे.

आता तुम्ही नीट ऐका, कारण इथे एक भानगड आहे. टिटव्या घरटं बांधत नाहीत. त्यांच्यात ती रीतच नाही. उघड्या जमिनीवर खडे असतात ना, त्या खड्यांत अंडी घालायची, की झालं. अंडी दिसतातही खड्यांसारखी. कोल्हा शेजारून जातो तरी त्याला कळत नाही. फार हुशारीची रीत आहे. पण म्हशीपुढे तिचा उपयोग नाही. म्हैस खडे बघून पाय टाकत नाही. ती पाय टाकते, आणि खाली जे असेल ते असेल.

गेल्या वर्षी टिटवीबाईंची अंडी अशीच गेली. गावच्या म्हशी तळ्यावर आल्या, खड्यांवरून गेल्या, पाण्यात बसल्या. बाई वर घिरट्या घालून ओरडत होत्या. म्हशींना वाटलं, पक्षी खुशीत आहे.

या वर्षी बाईंनी पुन्हा चार अंडी घातली होती. त्याच खड्यांत, शाळा आणि तळं यांच्या मध्ये. आणि म्हशींच्या पाठीवर बसून हिंडणाऱ्या गायबगळ्याने बातमी आणली.

"पलीकडचं कुरण संपलं," तो म्हणाला. "मंगळवारी दुपारी आमचा मुक्काम इकडे."

म्हणून घरटं दिवस मंगळवारी सकाळी ठरला.

बाईंनी हे कोणाला सांगितलं नाही. पोरांना सांगितलं की घरटं बांधल्याने बोटांना वळण लागतं आणि भूमिती समजते. खरं म्हणजे बाईंना एक घरटं हवं होतं. दुपारच्या आत, चार अंडी मावतील एवढं. बाभळीला टांगलेलं, म्हशीच्या पायांपासून लांब. अंडी उचलून वर ठेवायला वानराचं पोर ठरवलं होतं. त्याला 'पकड सुधारण्याचा उपक्रम' असं नाव दिलं होतं.

हसू नका. आई होती ती. एरवीही दिवस दुसऱ्याच कशासाठी तरी ठेवले जातात, हिने अंड्यांसाठी ठेवला.

आता घरटं शिकवणार कोण?

हे सगळ्या जंगलाला माहीत होतं. त्याच बाभळीच्या शेंड्याला सुगरणकाकू राहायच्या. सुगरण पक्ष्यांची घरटी तुम्ही पाहिली असतील. लांब बाहीसारखी, वाऱ्यावर झुलणारी. त्या घरट्यांत काकूंचं घरटं म्हणजे विचारू नका. आत पाणी जात नसे, साप जात नसे, शेजारणीही जात नसत.

काकू म्हाताऱ्या होत्या. कोणाकडे काही शिकलेल्या नव्हत्या. सगळं स्वतःचं स्वतः, असं त्या सांगत. समोरचा विचारायच्या आधीच सांगत. त्यांना जंगलातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं आणि ते त्या फांदीच्या टोकावर बसून द्यायच्या, म्हणजे खाली सगळ्यांना ऐकू जावं. माझ्यासारख्या होत्या म्हणा ना. पण मी सुगरण नाही. मी आहे तिथे बरी आहे.

टिटवीबाई बाभळीखाली येऊन उभ्या राहिल्या. झाडावर बसायला त्यांना जमत नाही, पायाची बोटं तशी नसतात.

"काकू, खाली याल का थोडं?"

"तिथूनच बोल. मला ऐकू येतं."

"जरा खासगी आहे."

काकू खाली आल्या. खासगी म्हटलं की त्या कुठेही यायच्या. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. खडे, म्हशी, मंगळवार, दुपार. बोलता बोलता त्यांचा आवाज बसला. टिटवीचा आवाज बसणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

"पोरं काय, चार काड्या अडकवतील," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही उभ्या राहिलात तर एखादं तरी घरटं नीट होईल. माझी भिस्त तुमच्यावर आहे, काकू."

"अगं, एवढंच ना?" काकू म्हणाल्या. "मी कसल्या शाळेत गेले नाही, की कसला कागद मिळवला नाही. पण घरटं म्हणशील तर आयुष्यभर मी तेच केलंय. झोप निवांत."

वरच्या फांदीवरून कोणीतरी खोकलं. ते काका होते. काकूंचे यजमान.

टिटवीबाई आनंदाने गेल्या. काकू वर आल्या. काका घरट्याच्या तोंडाशी बसून पंख खाजवत होते.

"काय हो, खोकला कशाला मध्येच?"

"घशात काडी गेली," काका म्हणाले. "तू शिकवणार म्हणे घरटं?"

"मग? कोण शिकवणार?"

"तूच शिकव. नाव तुझंच आहे."

इथे मला तुम्हाला दुसरी भानगड सांगायला हवी. सुगरण पक्ष्यांत घरटं नर विणतो. मादी विणत नाही. नर पात्याला पातं गुंफून अर्धं घरटं तयार करतो आणि बाजूला बसून राहतो, परीक्षेला बसल्यासारखा. मग मादी येते. ओढून बघते, आत शिरून बघते, तोंड वाकडं करते. पसंत पडलं तर राहते. नाही पडलं तर निघून जाते. मग नर ते घरटं सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्यांच्यात अशीच रीत आहे. बाकीच्या जंगलाला हे माहीत नसतं. त्यांना दिसतं ते एवढंच की घरट्याच्या दारात काकू बसल्या आहेत आणि बोलताहेत.

काकू सुरुवातीला 'मी बांधून घेतलं' असं म्हणायच्या. पुढे बोलायची घाई असल्यामुळे त्या 'मी बांधलं' म्हणू लागल्या. लोक मान डोलवायचे. असं कितीतरी वर्षं चाललं, मग काकूंनाही तसंच आठवायला लागलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. नुसत्या पुष्कळ बोलत होत्या.

आता मात्र त्यांनी घरट्याची फांदीला बांधलेली गाठ निरखून बघितली.

"अहो," त्या म्हणाल्या, "पहिली गाठ कशी मारतात?"

"कुठली गाठ?"

"घरट्याची. फांदीला पहिली मारतात ती."

काका विचारात पडले. त्यांनी चोच इकडे केली, तिकडे केली. हवेत एक गिरकी मारल्यासारखं केलं.

"मला नाही सांगता यायचं बुवा," ते म्हणाले.

"म्हणजे? जन्मभर काय केलंत?"

"तू नाही म्हणायचीस. मी पुन्हा बांधायचो. तू पुन्हा नाही म्हणायचीस. मी पुन्हा बांधायचो. शेवटी एकदा तू काही बोलली नाहीस. तेव्हा मी थांबलो. यात गाठ कुठली नि काय, मी कधी बघितलंच नाही."

"आणि उद्या माझ्याबरोबर येऊन चार टाके घालून दाखवायला काय होतंय?"

"चोच राहिली नाही गं आता. पातं धरलं की सुटतं." काका जरा थांबले. "बघायला मात्र येणार मी. पुढची जागा धरून ठेव."

काकू त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. काकांनी तेवढ्यात एक चांगली झोप काढली.

काकूंना बाईंकडे जाऊन 'मला येत नाही' असं सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. टिटवीबाईंनी दुसरं काहीतरी बघितलं असतं. पण ते वाक्य मोठं अवघड आहे. शिकलेल्या माणसाला ते जमतं, त्याच्याकडे बाकीच्या गोष्टींचा कागद असतो. आपलं आपण शिकलेल्या बाईकडे कागद नसतो. तिने एकदा 'येत नाही' म्हटलं की लोक तिला येणाऱ्या गोष्टीही काढून घेतात. हे मी काकूंच्या बाजूने बोलतेय असं समजू नका. मी आपलं जंगलाबद्दल बोलतेय.

मंगळवार उजाडला.

उन्हाळा सरत आला होता. सगळं रान वाळून गेलं होतं. फक्त तळ्याच्या ओलीत कोवळं गवत होतं. पोरांनी ते सकाळीच ओरबाडून आणलं होतं. बाभळीखाली हिरवा ढीग पडला होता. काका समोरच्या फांदीवर बसले होते, अगदी पुढे.

"मुलांनो," टिटवीबाई म्हणाल्या, "आज आपल्याकडे घरट्यातल्या जाणकार आल्या आहेत. सुगरणआजी सांगतील तसं करायचं. आणि लवकर करायचं."

"बाई, आमच्यात बीळ असतं," मुंगसाची रंभी म्हणाली. रंभी हुशार होती, त्यामुळे कोणाला फारशी आवडायची नाही. "आम्हाला घरटं कशाला?"

"आज सगळ्यांची घरं झाडावर आहेत."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या बघू. गवत घे."

होल्याचं पोर पुढे आलं. त्याचं नाव गुंड्या. होले कबुतरांचे गरीब नातेवाईक. त्यांची घरटी म्हणजे फांदीवर टाकलेल्या चार काड्या, खालून बघितलं तर आतलं अंडं दिसतं.

"आमच्या घरी काड्या टाकतात आणि बसतात," गुंड्या म्हणाला. "आजी, तुम्ही आधी दाखवा ना कसं करायचं."

सगळी पोरं काकूंकडे बघायला लागली. टिटवीबाईही बघायला लागल्या. काका तर केव्हाचे बघत होते.

काकूंनी एक पातं उचललं. ते चोचीत धरलं. फांदीकडे बघितलं. पातं किती कोवळं आहे हे तपासल्यासारखं केलं. मग ते खाली ठेवलं.

"मी दाखवलं तर तुम्ही माझी नक्कल कराल," काकू म्हणाल्या. "मग तुम्ही काय शिकलात? तुमच्या बाई काय सांगतात? स्वतः करा. मी बघते."

"वा," टिटवीबाई म्हणाल्या. प्रशिक्षणात अगदी हेच सांगितलं होतं.

काका पुन्हा खोकले.

पोरं कामाला लागली. गवत फांदीवर टाकायची, ते सुटायचं. पुन्हा टाकायची. खारीच्या पोराने शेपटीला गाठ मारून घेतली. सशाचं पोर निम्मं गवत खाऊन बसलं. पण तासाभरात काही ना काही आकार दिसायला लागले. पहिलं घरटं गुंड्याने आणून फांदीला अडकवलं. त्याच्या घराण्यातलं ते सगळ्यात चांगलं घरटं होतं. त्यातून खालचं दिसत नव्हतं.

काकूंनी ते ओढून बघितलं. आणि त्यांना एकदम बरं वाटलं. हे त्यांना येत होतं. मुळापासून येत होतं.

"बाजू सैल आहे," त्या म्हणाल्या. "तळ पातळ आहे. तोंड वाऱ्याकडे आहे. अंडं याच्यात ठेवलं तर ते बाहेर बघत बसेल. नापसंत."

आणि चोचीने वरचा धागा तोडला. घरटं खाली पडलं.

गुंड्याचं तोंड एवढंसं झालं. पण तो दुसरं करायला गेला.

मग रांगच लागली. काकू प्रत्येक घरट्यात डोकं घालत होत्या, ओढत होत्या, नाक मुरडत होत्या. हे वाकडं, ते आखूड. हे घरटं आहे का पिशवी. याला दार कुठे आहे, आणि हे दार आहे तर घरटं कुठे आहे. नापसंत, नापसंत, नापसंत. बाभळीखाली टाकाऊ घरट्यांची रास वाढत चालली. पोरं रडकुंडीला आली होती, तरी एक गंमत होत होती. पुढचं घरटं मागच्यापेक्षा जरा बरं निघत होतं. काकूंना ते दिसत होतं. त्यामुळे त्या आणखी बारकाईने खोड काढत होत्या.

ऊन चढलं. टिटवीबाई एकदा बाभळीखाली यायच्या, एकदा खड्यांकडे धावायच्या.

तेवढ्यात रंभीने आपलं घरटं आणून फांदीला टांगलं. मुंगसाची पोर, बिळात जन्मलेली. पण तिने ते असं विणलं होतं की काकांनी मान पुढे काढली. तळ घट्ट होता. बाजू आवळलेल्या होत्या. चार अंडी आरामात मावली असती. दार तेवढं राहिलं होतं, तिथे नुसती फट होती.

"काकू, हे चालेल," टिटवीबाई हळूच म्हणाल्या. "दार करून द्या फक्त. हे चालेल मला."

काकूंनी ते घरटं ओढलं. ते हललं नाही. आत डोकं घातलं. आत अंधार होता आणि गारवा होता. नाव ठेवायला जागा नव्हती.

"आजी," रंभीने विचारलं, "आता दार कसं करायचं? ते तुम्ही सांगा."

आता बघा, मुलांनो. काकूंनी फक्त 'छान' म्हणायचं होतं. पण छान म्हटलं की पुढे दार होतं. दार त्यांना येत नव्हतं. नापसंत म्हटलं की पुढे काही नव्हतं. काकूंना अंडी माहीत होती, म्हशी माहीत होत्या, दुपारही माहीत होती. आणि तरी त्या काय म्हणाल्या ते ऐका.

"नापसंत," त्या म्हणाल्या, आणि धागा तोडला.

 रंभीने खाली पडलेल्या घरट्याकडे बघितलं, मग काकूंकडे बघितलं. टिटवीबाई पुढे आल्या.

"का, काकू? काय वाईट होतं त्यात?"

काकूंनी तोंड उघडलं. त्यांना एकही खोड सुचेना. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा सुचेना.

आणि तेव्हाच पलीकडून धूळ उठली. म्हशी आल्या होत्या.

पुढे होती भुरकी, कळपातली म्हातारी. तिच्या पाठीवर गायबगळा. मागे बाकीच्या, डुलत डुलत, समोर दिसणाऱ्या तळ्याच्या दिशेने सरळ. सरळ म्हणजे खड्यांवरून.

टिटवीबाईंनी झेप घेतली. आभाळ फाटेल असा आवाज काढला. भुरकीच्या शिंगांवर झडप घातली.

"या जागेतल्या पक्ष्यांना आपण आलो की फार आनंद होतो," भुरकी बगळ्याला म्हणाली.

 काकू फांदीच्या टोकावर आल्या, जिथून त्या नेहमी बोलायच्या. आणि सगळ्या जोराने ओरडल्या, "मला घरटं बांधता येत नाही. मी कधीच बांधलेलं नाही. रंभीचं घरटं चांगलं होतं. माझ्यामुळे झालं हे."

पण टिटवी ओरडत असताना दुसऱ्याचं काही ऐकू येत नसतं. खाली एका पोरालाही शब्द कळला नाही. आजी काहीतरी सूचना देताहेत, एवढंच त्यांना दिसलं.

"काय म्हणतायत?" गुंड्याने विचारलं.

"काय म्हणणार?" रंभी फणकाऱ्याने म्हणाली. "नापसंत." आणि तिने आपलं पडलेलं घरटं उचलून रागाने जेवढ्या लांब जाईल तेवढं भिरकावलं.

ते भुरकीच्या नाकावर आपटलं.

भुरकी थांबली. खड्यांच्या अगदी कडेला तिचा पाय उचललेला होता. तिने घरट्याचा वास घेतला. वाळल्या रानात इतके दिवस काड्या चघळून तिच्या तोंडाला चव राहिली नव्हती. आणि हे हिरवं, कोवळं, रसाचं, शिवाय एकत्र बांधून दिलेलं. तिने ते तोंडात घेतलं. पाय मागे ठेवला आणि डोळे मिटून चावायला लागली.

"छान झालंय," भुरकी म्हणाली. "तळ मऊ आहे. बाजूही चांगल्या लागतात. अजून आहेत का?"

मुलांनो, त्या दिवशी कोणालातरी काहीतरी पसंत पडलं ते पहिल्यांदा.

पोरं क्षणभर बघतच राहिली. मग गुंड्याने आपलं सगळ्यात पहिलं, सैल बाजूचं घरटं उचललं आणि बाभळीच्या दिशेने, जरा अलीकडे टाकलं. भुरकी वळली. सशाच्या पोराने आणखी अलीकडे टाकलं. बाकीच्या म्हशींनी मान वर करून वास घेतला. मग सगळा कळप खड्यांकडे पाठ करून बाभळीकडे आला आणि नापसंत घरट्यांच्या राशीत तोंड घालून उभा राहिला.

"हे जरा घट्ट आहे," एक म्हैस म्हणाली.

"मी केलंय ते," खारीचं पोर म्हणालं. त्याचा ऊर भरून आला होता.

रास संपली तेव्हा म्हशी बाभळीच्या बाजूनेच तळ्यात उतरल्या आणि झोपल्या. खड्यांत चार खडे तसेच होते, कोमट.

टिटवीबाई धावत आल्या. 

"काकू," त्या म्हणाल्या, "तुम्हाला हे सगळं आधीच माहीत होतं. एक घरटं ठेवलं असतं, तर अंडी वर चढवेपर्यंत म्हशी त्यांच्यावर पोचल्या असत्या. त्या रंभीचंसुद्धा तोडलंत तेव्हा मी मनात तुम्हाला किती बोलले. मला क्षमा करा."

आता काकूंनी काय म्हणावं? खरं एकदा सांगून झालं होतं. ते कोणी ऐकलं नाही यात त्यांची काय चूक?

"शिक्षणाला धीर लागतो," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी म्हशी सरळ बाभळीखाली येऊन उभ्या राहिल्या आणि वर बघायला लागल्या. म्हणून दुसऱ्या दिवशीही घरटं दिवस ठेवावा लागला. तिसऱ्या दिवशीही. अंडी फुटेपर्यंत त्या शाळेत दुसरा कुठलाही दिवस झाला नाही. पोरं रोज सकाळी विणायची आणि काकू रोज सगळं नापसंत करायच्या. आता तर ते करणं भागच होतं. एखादं घरटं पसंत करून वर ठेवलं असतं, तर खाली एक म्हैस उपाशी राहिली असती. पोरांचा हात इतका बसला की शेवटी शेवटी घरटी बघून काका डोळे पुसायचे. पण त्यातल्या एकाही घरट्यात कोणी राहिलं नाही. सगळी खाल्ली गेली.

मग अंडी फुटली. टिटवीची पिल्लं बाहेर येतात ती पायांवर उभी राहूनच येतात. चौघांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि खड्यांवरून तुरुतुरु चालत निघून गेली. वरती झाडावर काय टांगतात याकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

गायबगळ्याने ही हकीकत जंगलोजंगली नेली. ठिकठिकाणच्या शाळांत नापसंती दिवस सुरू झाले. त्यासाठी काकूंना बोलावणी यायला लागली. काकू जायच्या. आधी सांगायच्या की मी कुठल्या शाळेत गेलेली नाही, आणि मग मुलांनी केलेलं सगळं पाडून यायच्या. लोक टाळ्या वाजवायचे. म्हशींची व्यवस्था मात्र बऱ्याच ठिकाणी करायची राहून गेली.

एका संध्याकाळी काकू अशाच कुठूनशा परत आल्या. काका दारात बसले होते.

"मी ऐकलं होतं," काका म्हणाले.

"काय ऐकलं होतं?"

"त्या दिवशी. म्हशी आल्या तेव्हा. तू ओरडलीस ते."

 काकूंनी पिसं सारखी केली. घरट्याची एक काडी बाहेर आली होती ती बघितली.

"मग?" त्या म्हणाल्या.

"मग काही नाही," काका म्हणाले. "आत ये. वारा सुटलाय."

काकू आत गेल्या. त्या रात्री त्यांनी त्या काडीबद्दल एक शब्द काढला नाही.

तात्पर्य: हाताने काम केलं की ज्ञान मिळतं, असं तुमच्या वहीत लिहा. बाई गुण देतील. पण मी तुम्हाला खरं सांगते. एखादी गोष्ट येत नसेल तर ती शिकत बसू नका, दुसऱ्याने केलेली ठामपणे नापसंत करायला लागा. न थांबता करत राहा. तुमच्या नापसंतीत काही मोठा विचार असावा असं लोकांना आपोआप वाटेल, फक्त वेळेवर म्हैस यायला हवी. ही गोष्टही मी लिहून पुन्हा पुन्हा नापसंत केली. पण आमच्या दारात म्हैस नाही, म्हणून ती तुम्हाला वाचावी लागली.